जी ट्रेनला क्वीन्समधून कोणी हाकललं?

न्यू यॉर्कच्या सबवेत छोट्या शटल सोडल्या तर एकच गाडी अशी आहे जी मॅनहॅटनमध्ये पाऊलच टाकत नाही, ती म्हणजे जी ट्रेन. नकाशावर पोपटी रंगाची रेघ दिसते ना, तीच. ब्रुकलिनमध्ये चर्च ॲव्हेन्यूला निघते, २१ स्टेशनं घेते आणि क्वीन्समध्ये शिरल्या शिरल्या कोर्ट स्क्वेअरला संपते. क्वीन्समध्ये तिच्या वाट्याला फक्त दोन स्टेशनं येतात. आता गंमत अशी की २००१ पर्यंत हीच गाडी कोर्ट स्क्वेअरच्या पुढे अजून १३ स्टेशनं जायची, थेट फॉरेस्ट हिल्सपर्यंत. रूळ आजही तिथेच आहेत, बोगदा तिथेच आहे, पडझड काही झालेली नाही, तरी गाडी जात नाही. असं का झालं हे बघायला गेलं की एवढ्या मोठ्या शहराचा सबवे नक्की कशाच्या हिशोबावर चालतो ते बरंचसं कळतं. लेख थोडा लांबलाय, सांगून ठेवतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. न्यू यॉर्कमध्ये लाइन वेगळी आणि गाडी वेगळी. आपल्या वेस्टर्न रेल्वेवर कसं, रूळ तेच असतात पण त्यावरून विरार फास्ट जाते, बोरिवली स्लो जाते, आणि उद्या कोणी टाइमटेबल बदलून बोरिवली स्लो अंधेरीलाच संपवली तर रुळांचं काही बिघडत नाही, कांदिवलीचा माणूस तेवढा लटकतो. न्यू यॉर्कमध्ये अक्षर किंवा आकडा गाडीला असतो, रुळांना वेगळी नावं असतात. जी ट्रेन मधला मोठा टप्पा क्रॉसटाउन लाइनवरून जाते, दक्षिणेला कल्व्हर लाइनवर चढते, आणि पूर्वी उत्तरेला क्वीन्स बुलेव्हार्ड लाइनवर जायची. यातली फक्त क्रॉसटाउन लाइन तिची एकटीची, बाकी दोन्हीकडे ती पाहुणी. आणि पाहुण्याला कधीही उठवता येतं.

सुरुवात १९२० च्या दशकात. तेव्हा सबवे चालवणाऱ्या दोन खाजगी कंपन्या होत्या, आयआरटी आणि बीएमटी, आणि मेयर जॉन हायलन यांचं या दोघींशी अजिबात पटायचं नाही, त्यामुळे शहराने स्वतःच तिसरं जाळं बांधायला घेतलं, त्याचं नाव इंडिपेंडंट म्हणजे आयएनडी. पहिली लाइन १९३२ ला सुरू झाली. पुढच्याच वर्षी, १९ ऑगस्ट १९३३ ला, क्वीन्स प्लाझा ते नॅसॉ ॲव्हेन्यू असा क्रॉसटाउनचा छोटासा तुकडा सुरू झाला आणि त्याच दिवशी क्वीन्स बुलेव्हार्ड लाइनपण रूझवेल्ट ॲव्हेन्यूपर्यंत उघडली. उरलेली क्रॉसटाउन १ जुलै १९३७ ला पूर्ण झाली आणि गाडी ब्रुकलिनच्या पोटातून थेट क्वीन्सला जाऊ लागली. तेव्हा तिचं नाव जीजी. आयएनडीचा नियम सोपा होता, एक अक्षर असेल तर एक्सप्रेस, तेच अक्षर दोनदा असेल तर लोकल. म्हणजे ए एक्सप्रेस, एए लोकल. क्रॉसटाउन लाइनवर जवळजवळ सगळीकडे येणारा एक आणि जाणारा एक एवढेच दोन ट्रॅक, त्यात एक्सप्रेस घालणार कुठून, त्यामुळे ती कायम जीजीच राहिली. १९८५ मध्ये सगळीकडची डबल अक्षरं काढून टाकली आणि जीजीची जी झाली, गाडी मात्र होती तशीच लोकल.

मॅनहॅटन टाळणारी लाइन मुळात बांधलीच कशाला, हा प्रश्न पडतो. त्या काळात ग्रीनपॉइंट, विल्यम्सबर्ग, लाँग आयलंड सिटी हा सगळा कारखान्यांचा पट्टा होता, माणसं इथेच राहायची आणि इथेच कामाला जायची, त्यांना मॅनहॅटनशी देणंघेणं कमी. १९३९ च्या वर्ल्ड्स फेअरच्या वेळी तर क्वीन्सच्या जत्रेपर्यंत एक खास फाटा टाकला होता आणि जीजी गाड्या तिथपर्यंत जायच्या, पाच सेंटचं जादा भाडं घ्यायचे. जत्रा संपली आणि तो फाटा उखडून टाकला. या गाडीच्या नशिबात क्वीन्समध्ये फार दिवस टिकणं नव्हतंच बहुतेक.

आता खरी मेख. क्वीन्स बुलेव्हार्ड लाइनला चार ट्रॅक आहेत, दोन एक्सप्रेसचे, दोन लोकलचे. एक्सप्रेसवर ई आणि एफ धावायच्या आणि दोघी मॅनहॅटनला जाताना ५३ व्या स्ट्रीटच्या एकाच बोगद्यातून जायच्या. एका ट्रॅकवरून तासाला साधारण ३० गाड्या गेल्या की तो भरला समजायचं, म्हणजे ई च्या १५ आणि एफ च्या १५, खल्लास. त्यात तिसरी गाडी घुसवायला जागा नाही. लोकल ट्रॅकवर जीजी होती, पण ती तर ब्रुकलिनला वळणारी. १९५५ मध्ये ६० व्या स्ट्रीटच्या बोगद्याला जोड दिला तेव्हा कुठे लोकल ट्रॅकवरून मॅनहॅटनला जाणारी गाडी मिळाली. आणि तोपर्यंत क्वीन्स बदललं होतं. युद्धानंतर तिथे घरंच घरं उभी राहिली आणि त्या घरातली माणसं सकाळी मॅनहॅटनला ऑफिसला जायला लागली. मग ते काय करायचे, तर लोकल स्टेशनवर जी आली तर जी पकडायची, रूझवेल्ट ॲव्हेन्यूला उतरायचं आणि समोर आधीच ठासून भरलेल्या ई किंवा एफ मध्ये स्वतःला कोंबायचं. रूझवेल्टच्या पुढे जी बऱ्यापैकी मोकळी. एक्सप्रेसमध्ये श्वास घ्यायला जागा नाही आणि शेजारच्या ट्रॅकवर अर्धी रिकामी गाडी, हे दृश्य कुठल्याही रेल्वेच्या प्लॅनरला रात्री झोप लागू देणार नाही.

मग नवा बोगदा. ६३ व्या स्ट्रीटखालून ईस्ट रिव्हर पार करणाऱ्या बोगद्याचं काम १९६९ मध्ये सुरू झालं, मधे शहराकडचे पैसे संपले, आणि १९८९ मध्ये जेव्हा तो एकदाचा उघडला तेव्हा क्वीन्समध्ये त्याचं एकच स्टेशन होतं, ट्वेंटीफर्स्ट स्ट्रीट क्वीन्सब्रिज, आणि तिथेच तो संपत होता. लोकांनी त्याला ‘कुठेच न जाणारा बोगदा’ असं नाव पाडलं, आणि बरोबरच होतं. क्वीन्स बुलेव्हार्डची लाइन तिथून अगदी हाकेच्या अंतरावर होती. तेवढा जोड द्यायला अजून एक तप गेलं आणि ६४.५ कोटी डॉलर लागले.

जोड तयार झाला आणि १६ डिसेंबर २००१ ला सगळी फेरमांडणी झाली. एफ ला उचलून नव्या ६३ व्या स्ट्रीटच्या बोगद्यात टाकलं. ५३ व्या स्ट्रीटच्या बोगद्यात एफ ची जागा मोकळी झाली, तिथे व्ही नावाची नवी कोरी गाडी सुरू केली. व्ही लोकल ट्रॅकवरून धावणार आणि मॅनहॅटनला जाणार, म्हणजे लोकल स्टेशनच्या लोकांना एक्सप्रेसमध्ये घुसायची गरजच नाही. कागदावर एकदम भारी प्लॅन. पण लोकल ट्रॅकवर आता आर (६० व्या स्ट्रीटच्या बोगद्यातून मॅनहॅटनला जाणारी), व्ही आणि जी अशा तिघी झाल्या, आणि तिघींना मिळून शेवटचं स्टेशन एकच, फॉरेस्ट हिल्स. शेवटच्या स्टेशनवर काय होतं हे आपण कधी बघत नाही कारण आपण उतरून निघून जातो. तिथे गाडी पूर्ण रिकामी करावी लागते, कोणी झोपलाय का ते बघायचं, मग गाडी पुढे न्यायची, दुसऱ्या बाजूच्या ट्रॅकवर आणायची, मोटरमन या टोकाकडून त्या टोकाला जाणार, आणि हे सगळं होईपर्यंत मागची गाडी बाहेर बोगद्यात उभी. मधल्या ट्रॅकची ताकद कितीही असो, लाइन तेवढीच चालते जेवढ्या गाड्या शेवटच्या स्टेशनवर उलट्या फिरवता येतात. तिघींपैकी एकीला जावं लागणार हे उघड होतं, आणि मॅनहॅटनला न जाणारी एकच होती.

ब्रुकलिनच्या लोकांनी आरडाओरडा केला, सभा झाल्या, मोर्चे झाले. शेवटी तडजोड अशी निघाली की सोमवार ते शुक्रवार दिवसा जी कोर्ट स्क्वेअरला संपेल, आणि रात्री व शनिवार-रविवार, म्हणजे व्ही धावत नाही तेव्हा, पूर्वीसारखी फॉरेस्ट हिल्सला जाईल. ऐकायला बरं वाटतं, पण सबवेची दुरुस्तीची कामं कधी काढतात? रात्री आणि वीकेंडला. त्यामुळे होत गेलं असं की आज ट्रॅकचं काम आहे म्हणून जी कोर्ट स्क्वेअरलाच संपेल, पुढच्या वीकेंडला पण संपेल, त्याच्या पुढच्या पण. नकाशावर फॉरेस्ट हिल्स आणि प्रत्यक्षात कोर्ट स्क्वेअर. लोक हिला घोस्ट ट्रेन म्हणायचे ते उगाच नाही.

कोर्ट स्क्वेअरला पुढची गाडी पकडायची तर जी च्या प्लॅटफॉर्मवरून एक लांबच लांब भुयारी रस्ता चालून ई च्या प्लॅटफॉर्मला जावं लागतं. तडजोडीचा भाग म्हणून तिथे सरकता पट्टा बसवून दिला, एअरपोर्टवर असतो तसा. ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना याचा त्रास चांगला माहिती असेल, कारण रूझवेल्ट ॲव्हेन्यू म्हणजेच जॅक्सन हाइट्स, भारतीय दुकानांचा तो सगळा भाग, तूरडाळीपासून प्रेशर कुकरच्या शिट्टीपर्यंत सगळं मिळणारा. पूर्वी ग्रीनपॉइंटला बसलं की एकाच गाडीत थेट तिथे उतरायचं. आता दोन्ही हातात कणकेच्या पिशव्या घेऊन आधी ई पकडा, मग जिने, मग तो पट्टा, आणि तो पट्टा बंद असेल तर चाला. अनुभवाचे बोल आहेत.

तडजोडीत अजून एक गोष्ट होती आणि ती बऱ्याच जणांना उलटी लागली. गाड्या जास्त वेळा सोडू असं सांगितलं होतं, पण नवे डबे कोणी दिले नाहीत, मग आहे त्याच डब्यांत जास्त गाड्या करायच्या तर काय करायचं? ६ डब्यांची गाडी ४ डब्यांची केली. चार डब्यांची लांबी साधारण ३०० फूट आणि जी ची प्लॅटफॉर्म बांधलेली आहेत ६०० फुटांहून लांब. म्हणजे निम्मा प्लॅटफॉर्म रिकामाच. नवखा माणूस जिन्यावरून उतरून समोर जागा दिसेल तिथे उभा राहतो, गाडी येते, त्याच्या समोरून न थांबता पुढे जाते, आणि मग लक्षात येतं की अख्खा प्लॅटफॉर्म पळतोय. हातातली कॉफी सांभाळत, पोराला काखेत मारून, एक जण दार धरून ठेवतो आणि बाकीचे घुसतात. याला तिकडे चक्क जी ट्रेन स्प्रिंट म्हणतात. मॅनहॅटनच्या कुठल्या लाइनवर हे असं दहा वर्षं चालू दिलं असतं का, तर मला वाटतं नाही.

आता २०१० ला या. सबवे चालवणारी सरकारी संस्था म्हणजे एमटीए, तिच्या बजेटला मोठं भगदाड पडलं होतं आणि कापाकापी सुरू झाली. एप्रिलमध्ये जी चा क्वीन्समधला रात्रीचा आणि वीकेंडचा जो काही उरलासुरला भाग होता तो अधिकृतपणे बंद केला, कोर्ट स्क्वेअर हेच कायमचं शेवटचं स्टेशन. आणि जूनमध्ये काय झालं, तर व्ही बंद! ज्या गाडीसाठी जी ला बाहेर काढलं ती गाडी नऊ वर्षंसुद्धा जगली नाही. पण मग जी ला तिची जागा परत मिळाली का? अजिबात नाही. ब्रुकलिनमधून लोअर मॅनहॅटनला जाणारी एम ट्रेन होती, तिला जुन्या एका जोडमार्गावरून वळवून व्ही च्या मार्गावर बसवलं आणि ती फॉरेस्ट हिल्सला जायला लागली. खरं तर आधी उलटं ठरलं होतं, एम हे अक्षर बंद करायचं आणि व्ही ठेवायचं, पण एम च्या जुन्या प्रवाशांना आपलंच अक्षर हवं होतं म्हणून एम राहिलं आणि त्याचा रंग तेवढा तपकिरीचा नारिंगी झाला. मुद्दा काय, तर व्ही मेली तरी तिचा स्लॉट मेला नाही, तो लगेच दुसरीने घेतला. सबवेत एकदा सोडलेली जागा परत मिळत नाही.

दक्षिणेला मात्र याच काळात जी ला लॉटरी लागली, तीही अपघाताने. जी तेव्हा स्मिथ-नाइन्थ स्ट्रीट्सला संपायची. हे स्टेशन बघण्यासारखं आहे, भुयारी रेल्वेचं स्टेशन आणि रस्त्यापासून ८७ फूट उंच हवेत, गोवानस कॅनॉलवर. उंच शिडांची जहाजं खालून जायला हवीत असा नियम होता म्हणून एवढं वर चढवलं, आता तिथून कुठली जहाजं आणि कुठली शिडं. तर तो उन्नत पूल, कल्व्हर व्हायाडक्ट, जुना होऊन खराब झालेला, त्याची मोठी दुरुस्ती काढली. गाडी उलटी फिरवायला जे ट्रॅक लागायचे ते कामासाठी बंद करावे लागणार होते. मग जी ला फिरवायचं कुठे? अजून पाच स्टेशनं पुढे, चर्च ॲव्हेन्यूला, तिथे गाड्या फिरवायला व्यवस्थित जागा आहे. जुलै २००९ मध्ये तात्पुरतं म्हणून तिथपर्यंत सुरू केलं. ही काही पहिली वेळ नव्हती, १९६८ ते १९७६ पण गाडी चर्च ॲव्हेन्यूपर्यंत जायची, मग काढून घेतली होती. पण यावेळी पार्क स्लोप आणि केन्सिंग्टनच्या लोकांना सवय लागली, फोर्थ ॲव्हेन्यूला आर ट्रेन मिळायला लागली, आणि काम संपायच्या आधीच २०१२ मध्ये एमटीएने जाहीर करून टाकलं की हे आता कायमचं. क्वीन्समध्ये हिशोब विरुद्ध गेला आणि ब्रुकलिनमध्ये बाजूने, पण दोन्हीकडे हिशोब तोच, गाडी फिरवायला जागा कुठे आहे.

मग ऑक्टोबर २०१२, सँडी चक्रीवादळ. ग्रीनपॉइंट आणि क्वीन्सच्या मधे न्यूटाउन क्रीक नावाची खाडी आहे आणि जी तिच्या खालून बोगद्यातून जाते. त्या बोगद्यात ३० लाख गॅलन खारं पाणी शिरलं. पाणी उपसता येतं, मीठ उपसता येत नाही, ते केबलमध्ये, सिग्नलमध्ये, पंपांमध्ये बसून सगळं कुरतडत राहतं. २०१३ मध्ये बरेच वीकेंड आणि २०१४ च्या उन्हाळ्यात सलग पाच आठवडे नॅसॉ ॲव्हेन्यू ते कोर्ट स्क्वेअर बंद ठेवून ते सगळं बदललं. जाता जाता, जी ज्या कॅनॉलवरून जाते तो गोवानस आणि ज्या खाडीखालून जाते ती न्यूटाउन क्रीक, दोघांनाही अमेरिकन सरकारने २०१० मध्ये अतिप्रदूषित जागांच्या यादीत टाकलंय. असा मान दुसऱ्या कुठल्या गाडीला असेल असं वाटत नाही.

या सगळ्यात ब्रुकलिन पुन्हा बदललं हे विसरू नका. कारखाने गेले, गोदामांचे फ्लॅट झाले, विल्यम्सबर्ग आणि ग्रीनपॉइंटची भाडी कुठच्या कुठे गेली, आणि शंभरातले शंभर लोक मॅनहॅटनलाच जातात हे गृहीतक सैल झालं. गर्दी वाढली तशी प्रवाशांची संघटना मागे लागली, स्थानिक सिनेटर मागे लागले, आणि २०१३ मध्ये एमटीएला जी चा अख्खा आढावा घ्यावा लागला. त्यातून मिळालं काय, तर दुपारनंतर थोड्या जास्त गाड्या आणि गाडी प्लॅटफॉर्मवर नेमकी कुठे थांबते ते सांगणारे बोर्ड. पळापळ तेवढी कमी झाली. डबे वाढले नाहीत.

मोठं काम निघालं ते २०२४ मध्ये. या लाइनचे सिग्नल १९३० च्या दशकातले, बदललेच नव्हते. जुन्या पद्धतीत रुळांचे ठरावीक तुकडे पाडलेले असतात आणि सिग्नलला एवढंच कळतं की या तुकड्यात गाडी आहे की नाही, तुकड्यात नेमकी कुठे आहे आणि किती वेगात आहे ते कळत नाही, त्यामुळे मागच्या गाडीला उगाच लांब ठेवावं लागतं. नव्या पद्धतीला सीबीटीसी म्हणतात, त्यात गाडी रेडिओवरून सतत आपली जागा कळवत राहते आणि दोन गाड्यांमधलं अंतर सुरक्षितपणे कमी करता येतं. हे बसवायला २८ जून ते ३ सप्टेंबर २०२४ टप्प्याटप्प्याने लाइन बंद ठेवली, बदल्यात फुकट बस. बसने जे हाल झाले ते झाले, पण दर वीकेंडला थोडं थोडं रडत बसण्यापेक्षा एकदा काय ते उरकलेलं बरं, असं माझं मत.

नवे सिग्नल आले म्हणून जी परत फॉरेस्ट हिल्सला जाईल का, असं हमखास विचारलं जातं. सिग्नलने मधला रस्ता सुधारतो, शेवटचं स्टेशन तेवढंच राहतं, आणि तिथे आर आणि एम ठाण मांडून बसल्यात. म्हणजे आशा धरू नका.

बाकी मॅनहॅटन टाळून ब्रुकलिन आणि क्वीन्स जोडायची कल्पना आता पुन्हा जोरात आहे. इंटरबरो एक्सप्रेस नावाचा प्रकल्प २०२२ मध्ये गव्हर्नर कॅथी होकुल यांनी पुढे रेटला, बे रिज ते जॅक्सन हाइट्स, साधारण २२ किलोमीटर, १९ स्टेशनं, जुन्या मालगाडीच्या मार्गावरून लाइट रेल. सबवेच्या बऱ्याच गाड्यांना ती भेटणार आहे. फक्त जी ला नाही. एक पार पूर्वेकडून वळसा घेत जाणार, दुसरी पश्चिमेकडून, आणि मॅनहॅटनला न जाणाऱ्या या दोन लाइन एकमेकींना कुठेच मिळत नाहीत.